मूळ प्रत जागेवर

लॅपटॉपचं बटण दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी कामाचं दिसेपर्यंत अस्सलरावांच्या बायकोचा पायमोजा घोट्यापर्यंत विणून व्हायचा. फाईल उघडायला सांगितली की टाच वळायची. आणि त्या फाईलमध्ये एखादा फोटो घालायचा असेल, तर दुसऱ्या पायाचा मोजा हाती घ्यावा लागायचा. घरात मोज्यांची ददात कधी पडली नाही, पण पुस्तक मात्र पुढे सरकेना.

पुस्तक विणकामाचं होतं आणि ते बायकोचं होतं. स्वतः जुळवलेले, उसवून पुन्हा घातलेले, कुणाच्या तरी स्वेटरकडे बसमध्ये टक लावून पाहत डोक्यात साठवलेले असे तिचे सगळे नमुने त्यात होते. इतकी वर्षं घरात या प्रकाराला "तिचं आपलं काहीतरी चाललेलं असतं" असं म्हणायची पद्धत होती. मग एका प्रकाशिका बाईंनी ते नमुने पाहिले, पुस्तक काढू या म्हणाल्या, आणि "तिचं आपलं काहीतरी" एकदम "हिचं पुस्तक" झालं. शुक्रवारी संध्याकाळी प्रकाशनाचं ऑफिस बंद व्हायच्या आत ते सगळं, फोटोंसकट, पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर छापखान्यातली जागा बाल्कनीतल्या बागेवरच्या एका पुस्तकाला जाणार होती आणि हिचं पुढच्या वर्षी बघू, असं बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं. "पुढच्या वर्षी बघू" याचा अर्थ नोकरदार माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

लॅपटॉप नुसता मंद नव्हता, भरलेलाही होता. नवीन काही ठेवायला गेलं की जागा नाही म्हणायचा. बायकोने धाकट्या भावाला फोन लावला. हा मेहुणा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. अस्सलरावांच्या लग्नाच्या फोटोत जो त्यांच्या मांडीवर बसून भोकाड पसरतो आहे, तोच हा.

"दाजी, डिस्क म्हातारी झालीय," मेहुणा म्हणाला. "नवी घ्या, मोठी. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, डिस्क बसवायची, झाकण लावायचं. पाच मिनिटांचं काम आहे. मी रविवारी येऊन करून टाकतो, तुम्ही नुसते चहा घेत बसा."

एखाद्या कर्त्या पुरुषाला त्याच्या घरात नुसतं चहा घेत बसायला सांगणं हे किती जिव्हारी लागू शकतं, याची या पिढीला कल्पना नाही. अस्सलरावांनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू कशाला तसदी घेतोस? मी करतो." पलीकडे मेहुण्याने "दाजी, तुम्ही?" असं विचारलं. अलीकडे बायकोच्या सुया थांबल्या.

आता अस्सलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात अभिलेखपाल होते. जुने नकाशे, जुने करार, मेलेल्या माणसांच्या जिवंत तक्रारी असं सगळं तिथे कपाटांत नीट लावून ठेवलेलं असे. कुणी कागद मागायला आला की यांचा पहिला प्रश्न, "अस्सल पाहिजे की नक्कल?" आणि समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी यांचं उत्तर एकच. मूळ प्रत जागा सोडणार नाही, बाहेर जाईल ती नक्कल. साक्षात मंत्री आले तरी हेच. एकदा कचेरीत पाणी शिरलं तेव्हा सगळे कागद वरच्या मजल्यावर हलवा असा हुकूम आला, तर यांनी तो हुकूम मूळ प्रतीत मागितला होता. तेव्हापासून ते अस्सलराव.

शनिवारी सकाळी अस्सलरावांनी कंबर कसली. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, दिवा लावला, हात धुतले आणि लॅपटॉप उताणा घातला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. तिने एकच विचारलं, "अहो, नक्की ना?" अस्सलराव म्हणाले, "हे बघ, ज्याने एक सबंध खातं दोन खोल्यांतून एका खोलीत आणलं, त्याला एक डिस्क काय जड?" त्यावर तिने लोकरीचा गुंडा हातात घेतला.

झाकणाचे स्क्रू काढताना अस्सलरावांनी पद्धत सोडली नाही. प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र लिफाफा. लिफाफ्यावर स्क्रूचं स्थान, "वरून डावीकडचा, किंचित गंजलेला" असं वर्णन, खाली सही. इथपर्यंत सगळं कौतुकास्पद होतं. पण हात एकदा सवयीला लागला की थांबत नाही, आणि त्यांनी प्रत्येक लिफाफा डिंकाने चिकटवूनही टाकला. पुढे लिफाफे उघडताना निम्मे स्क्रू डिंकाला बिलगलेले निघाले. त्यातला एक कागद सोडायलाच तयार नव्हता, तेव्हा तो कागदासकटच पिळून बसवला गेला. आजही त्या लॅपटॉपच्या पोटाशी अस्सलरावांच्या सहीचा वेलांटीपुरता तुकडा दिसतो.

स्क्रूड्रायव्हरच्या खटपटीचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे ड्रिलमास्तर खाली आले. शाळेत आयुष्यभर पोरांना धावायला लावून ते निवृत्त झाले होते, आणि गळ्यात स्टॉपवॉच अजून तसंच लटकत होतं. त्याचं बटण अधूनमधून अडकायचं, पण मास्तरांचा स्वतःवरचा विश्वास कधी अडकत नसे. लिफ्टला किती वेळ लागतो, दूध किती वेळात उतू जातं, कोण जिना किती वेळात चढतं, सगळ्याची नोंद त्यांच्या डोक्यात असायची.

"वॉर्मअप केला का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"यंत्राचा. थंड यंत्र उघडलं की स्नायू धरतात."

त्यांच्या मागोमाग समोरच्या वहिनी आल्या. वहिनींचा स्वभाव मोठा प्रेमळ. कुणी काही करायला घेतलं की त्यात पूर्वी कोण कसं फसलं हे सांगून त्या धीर द्यायच्या. "आमच्या ह्यांनी असाच मिक्सर उघडला होता," त्या टेबलावर वाकून म्हणाल्या. "अजून उघडाच आहे. पण तुम्ही हुशार आहात हो." अस्सलरावांच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब उभा राहिला.

डिस्क कोणत्या मापाची ते पाहून तशीच नवी आणायची होती. शहाण्या माणसाने डिस्क खिशात घातली असती आणि दुकान गाठलं असतं. पण मूळ प्रत जागा सोडत नाही. अस्सलरावांनी डिस्कवर पातळ कागद ठेवला, पेन्सिलने कडा गिरवल्या, स्क्रूची भोकं दाखवली आणि खाली "मूळ वस्तूवरून तंतोतंत" असं लिहून सही केली. डिस्क परत आत गेली आणि चित्र दुकानात गेलं. दुकानदाराने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "काका, सगळ्यांची एवढीच असते." मग त्याने नवी डिस्क आणि ती लॅपटॉपला बाहेरून जोडायची वायर काढून दिली. चित्र मात्र त्याने ठेवून घेतलं. ते काउंटरच्या काचेखाली लावलेलं आहे असं नंतर कानावर आलं.

नवी डिस्क वायरीने जोडली. मेहुण्याने पाठवलेला कॉपी करायचा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्याने पहिल्या फटक्यातच विचारलं की समोरच्या डिस्कवरचं सगळं कायमचं नष्ट होईल, पुढे जायचं का? अस्सलरावांचं धाबं दणाणलं. ज्या माणसाने आयुष्यात चुरगळलेला चिठोरासुद्धा फेकला नाही, त्याला कुणी बटण दाबून "कायमचं नष्ट" करायला सांगत होतं. खरं तर त्या कोऱ्या डिस्कवर नष्ट व्हायला काहीच नव्हतं. पण तत्त्व म्हणून काही असतं. त्यांनी ड्रिलमास्तरांना आणि वहिनींना साक्षीला बोलावलं.

"हो म्हणा," मास्तर म्हणाले. "शिट्टी झाली की पळायचं, मागे बघायचं नाही."

"नाही म्हणा," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी असंच एकदा हो म्हटलं, तर फोनमधले सगळे नंबर गेले. माझा सोडून."

वाद चांगलाच रंगला. शेवटी बायकोने सुया बाजूला ठेवल्या, टेबलापाशी आली आणि "हो" दाबून परत खुर्चीत जाऊन बसली.

कॉपी सुरू झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. घरात सगळे चवड्यांवर चालायला लागले. मास्तरांनी स्टॉपवॉच चालू केलं आणि ते अडकलं. दुपार कलली, चहा झाला, पट्टी पार पलीकडच्या काठाला टेकायला आली. वहिनी घरी जायला उठल्या, आणि जाता जाता त्यांनी मोठ्या मायेने लॅपटॉप मिटला. "उघडा टाकू नये," त्या म्हणाल्या. "धूळ बसते." लॅपटॉप मिटला की झोपतो. लॅपटॉप झोपला की कॉपी मरते. अस्सलरावांनी कपाळाला हात लावला, पण बाई माणसाला काय बोलणार? त्यांनी वहिनींचे आभार मानले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

रविवारी दुपारी कॉपी पुरी झाली. अस्सलरावांनी दोन्हींकडच्या फाईली एकेक करून ताडून पाहिल्या. नक्कल अस्सलबरहुकूम निघाली. मग त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला, जुनी डिस्क बाहेर काढून पुसली, आत साचलेली धूळ बारीक कुंचल्याने झटकली. आता टेबलावर पांढऱ्या चादरीवर दोन डिस्क शेजारी शेजारी होत्या. एक जुनी, थकलेली, भरलेली, दुसरी नवी आणि ऐसपैस. यातली कोणती आत बसवायची, हा प्रश्न जगात कुणालाही पडला नसता. अस्सलरावांनाही पडला नाही. त्यांनी मूळ प्रत तिच्या जागी बसवली, झाकण लावलं, आणि नक्कल मऊ फडक्यात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

त्यांचा हिशेब साधा होता. सगळ्या माहितीची आता सुरक्षित नक्कल झाली, म्हणजे मूळ डिस्कच्या डोक्यावरचा भार उतरला. भार उतरला की माणूस झपाझप चालतो. यंत्राचं काय वेगळं असणार?

संध्याकाळी उद्घाटन झालं. मास्तर स्टॉपवॉच घेऊन आले, वहिनी त्यांच्या ह्यांनाही घेऊन आल्या. अस्सलरावांनी बटण दाबलं. लॅपटॉप नेहमीसारखा कुरकुरला आणि काळ्या पडद्यावर गोल गोल चक्र फिरवू लागला. अस्सलराव डिंकाची गोष्ट सांगू लागले, मग दुकानदाराची, मग खात्याच्या दोन खोल्यांची. सगळे रंगून ऐकत होते. गोष्टी संपल्या तेव्हा पडदा उजळला होता.

"काय वेग आहे," मास्तर म्हणाले.

"आवाजसुद्धा बदलला," वहिनी म्हणाल्या. "पूर्वी कुरकुरायचा, आता गुणगुणतो."

अस्सलरावांची छाती फुगली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत होती. जरा वेळ पाहतच राहिली आणि मग म्हणाली, "हो. खूप फरक पडला." अस्सलरावांनी तडक मेहुण्याला फोन करून काम फत्ते झाल्याचं सांगितलं. मेहुणा चकित झाला. "दाजी, तुम्हाला मानलं," असं तो म्हणाला, आणि हे वाक्य अस्सलरावांनी दोन दिवस या ना त्या निमित्ताने घरात पुन्हा पुन्हा काढलं.

सोमवारी नव्या डिस्कची रवानगी अभिलेख कक्षात झाली. तिथे एक पोलादी, आगीला न जुमानणारं कपाट होतं आणि कर्मचाऱ्यांच्या महत्त्वाच्या चीजवस्तू त्यात ठेवायची सोय होती. या सोयीचे नियम स्वतः अस्सलरावांनी लिहिले होते आणि ते त्यांचं सगळ्यात आवडतं लेखन होतं. डिस्कला खूणपट्टी लागली, कपाट बंद झालं. आता घराला आग लागली तरी बायकोचं पुस्तक सुखरूप आहे, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं. बायकोसाठी आपण एवढं केलं याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि तो आनंद चेहऱ्यावर घेऊन ते आठवडाभर हिंडत होते.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. पुस्तक रवाना होण्याचा सोहळा चुकवायचा नव्हता. सकाळी छायाचित्रकाराकडून शेवटचे मोठे फोटो आले. बायको ते लॅपटॉपवर घ्यायला गेली आणि पडद्यावर पाटी आली.

"अहो," ती म्हणाली, "जागा नाही म्हणतोय."

"शक्य नाही."

"मी आठवडाभर त्यात साठवलेल्या माझ्या जुन्या मालिका पुसून पुसून जागा करत होते. आता पुसायला काही उरलं नाही."

अस्सलरावांनी पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग मेहुण्याला फोन लावला आणि तुझ्या सल्ल्यात काहीतरी खोट आहे, असं जरा चढ्या आवाजातच ऐकवलं.

"असं कसं होईल?" मेहुणा म्हणाला. "दाजी, आत कोणती डिस्क आहे?"

"म्हणजे काय? मूळ."

"आणि नवी?"

"ऑफिसात. कपाटात. अगदी सुरक्षित आहे, तिची काळजी करू नकोस."

पलीकडे खोकल्याची एक उबळ ऐकू आली. मग मेहुणा चिरक्या आवाजात म्हणाला, "दाजी, मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. तरी त्याने सगळं सांगितलं. कोणती आत हवी, कोणती बाहेर आणि का. अस्सलराव ऐकत होते आणि त्यांच्या पायाखालची जमीन इंचाइंचाने सरकत होती. फोन ठेवून ते वळले. बायकोच्या मांडीवर सुया नुसत्याच पडल्या होत्या. तिला असं विणायचं सोडून बसलेली अस्सलरावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

"आलोच," ते म्हणाले आणि घरातल्या चपलांवरच निघाले.

कचेरीत त्यांच्या खुर्चीवर त्यांची सहायक बसली होती. चष्म्याला साखळी लावलेली, कमी बोलणारी बाई. तिला अस्सलरावांनी स्वतः तयार केलं होतं आणि तिच्याबद्दल त्यांना अभिमान होता. तो पुढच्या थोड्याच वेळात पार उतरायचा होता.

"बाई, ते पोलादी कपाट जरा उघडा. माझी वस्तू न्यायचीय."

"अर्ज, सर."

"अहो, मी आहे."

"हो सर. पण अर्जाशिवाय वस्तू बाहेर जात नाही."

"नियम मला सांगता? मीच लिहिलेत ते."

"म्हणून तर, सर."

"बरं, मीच माझ्या सहीने मंजूर करतो."

"रजेवरच्या माणसाची सही चालत नाही, सर. तोही तुमचाच नियम आहे. आज कार्यभार माझ्याकडे आहे."

अस्सलराव टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, जिथे वाट बघून बघून लोक त्यांना शिव्या घालत उभे राहायचे, तिथे उभे राहिले आणि अर्ज लिहू लागले. तिथून ती खोली फार वेगळी दिसत होती. टेबल उंच वाटत होतं आणि पंखा फक्त पलीकडेच लागत होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "तांत्रिक बाब". सहायकबाईंनी ते वाचलं, लाल पेनने शेजारी "मोघम" असा शेरा मारला आणि कागद परत केला. हा शेरा अस्सलरावांचा लाडका. कित्येक लोकांना त्यांनी या एका शब्दावर माघारी धाडलं होतं. दुसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं, "वस्तूची फेरतपासणी आवश्यक". तोही "मोघम" होऊन परत आला.

"बाई, काय लिहू मग?"

"जे झालं ते लिहा, सर. तुम्हीच सांगता ना, लिहिणाऱ्याला लाज वाटली की समजावं कारण स्पष्ट झालं."

भिंतीवरचं घड्याळ पुढे पळत होतं. तिकडे घरी बायको रिकाम्या हातांनी बसली होती, आणि बाल्कनीतली बाग छापखान्याच्या दारात दबा धरून होती. अस्सलरावांनी तिसरा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं: "बायकोच्या लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवायची होती. मी जुनीच पुन्हा बसवली आणि नवी इथे आणून ठेवली. नंतर सगळ्या इमारतीला बोलावून वेग वाढल्याचं दाखवलं. तो वाढलेला नव्हता. चूक सर्वस्वी माझी." खाली सही केली.

सहायकबाईंनी अर्ज सावकाश वाचला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "आता स्पष्ट आहे, सर," त्या म्हणाल्या आणि कपाट उघडून डिस्क त्यांच्या हातात दिली. अस्सलराव जिना उतरायला लागले तेव्हा मागून, ज्या खोलीत बोलायलाही मनाई होती त्या खोलीतून, हसण्याचा एक मोठा लोट बाहेर आला. तो त्यांना पार फाटकापर्यंत पोचवायला आला.

घरी आल्यावर लिफाफे नाहीत, डिंक नाही, सही नाही. अस्सलरावांनी पांढरी चादरही अंथरली नाही. स्क्रू वाटीत टाकले, जुनी काढली, नवी बसवली, झाकण लावलं. यात फार तर पाचच मिनिटं गेली असावीत, पण ते कुणी मोजायला नव्हतं म्हणून बरं. बायकोने बटण दाबलं आणि सवयीने सुया हातात घेतल्या. पहिला टाका पडायच्या आत पडदा झळकला. दोघंही दचकून मागे सरकले. जुनी डिस्क वायरीला लावून आठवड्याचं काम नवीवर ओढून घेतलं, फोटो घातले, तरी जागा अजून ऐसपैस उरली होती. मग सगळं पुस्तक प्रकाशिका बाईंच्या दिशेने निघालं. संध्याकाळ व्हायला अवकाश होता तेव्हाच त्यांचं उत्तर आलं. पोचलं, सुरेख आहे, छापायला देते.

बायकोने ते उत्तर मोठ्याने वाचलं. मग मनातल्या मनात वाचलं. मग डोळे पुसले आणि पुन्हा मोठ्याने वाचलं.

अस्सलराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. "एक विचारू?" ते म्हणाले. "रविवारी तू म्हणालीस, खूप फरक पडला. तुला तेव्हा खरंच तसं वाटलं?"

"छे हो. बटण दाबलंत आणि मोजा घोट्यापर्यंत आला. मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस? पुस्तक गेलं असतं की हातचं."

"बोलणारच होते," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे बघितलं. माझ्या विणकामासाठी कुणी दोन दिवस असं जिवाचं रान केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, पुस्तकाचं काय, मालिका पुसून भागेल. हे पुन्हा बघायला मिळेल का?"

इतक्या वर्षांत आपण तिचा एकही नमुना नीट पाहिलेला नाही, हे अस्सलरावांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडून वाचायला लागले. पानं सर्रकन उलटत होती. ते मात्र सावकाश वाचत होते आणि मधूनच विचारत होते, "हे उलट टाक्याचं कसं?" आणि ती सांगत होती.

इतक्यात दार वाजलं आणि गळ्यातलं स्टॉपवॉच सावरत ड्रिलमास्तर आत आले. पुस्तक गेलं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी अभिनंदन केलं, मग नजर लॅपटॉपवर गेली. "एकदा बंद करून चालू करा पाहू," ते म्हणाले. अस्सलरावांनी बंद केला आणि चालू केला. बोट बटणावरून उचलायच्या आत पडदा उजळून उभा राहिला.

मास्तरांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं, ते अडकलेलं होतं. त्यांनी मान डोलावली, थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका, पण खरं सांगतो. रविवारी जास्त वेगात होता."

बायकोने लोकरीचा गुंडा तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. अस्सलरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"हो मास्तर," ते म्हणाले. "माझ्याही ते लक्षात आलंय."